तीनशे एकावं पोतं

ज्यांनी मला चौथीपर्यंत शिकवलं आणि ज्यांच्यासमोर उभं राहिलं की अजूनही माझी पाठ आपोआप ताठ होते, असे आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय सावळाराम गुरुजी. ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो, पण निरोप द्यायला कुणाचंच मन तयार नाही, अशा आज सेवानिवृत्त होणाऱ्या आपल्या कापूरहोळ शाखेच्या शाखाधिकारी सुलक्षणा बर्गे मॅडम. त्यांच्याबरोबर खास कोरेगावहून आलेले त्यांचे यजमान. सोमवारपासून मॅडमच्या खुर्चीवर बसणाऱ्या शेफाली मॅडम. व्यासपीठावरील इतर मान्यवर. शिवरे, सारोळे आणि महामार्गाकडेच्या गावांतून आलेले खातेदार बंधू-भगिनी. आणि वेल्ह्याच्या वरच्या वाड्यांमधून दोन टेम्पो करून आलेल्या माझ्या हिरडा गटाच्या सर्व माउल्या, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

आता कागदोपत्री राजगड तालुका म्हणायचं, हे मला ठाऊक आहे. पण तोंडात वेल्हेच बसलं आहे. तेवढं आज चालवून घ्यावं.

मी सिद्धनाथ दिघे. वक्ता नाही. माझं इंग्रजी पाचवीला सुरू झालं आणि पाचवीतच राहिलं. देवळातल्या भजनात मागच्या ओळीत बसतो, तिथंही आवाज बेताचाच लावतो. संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. गुरुजी, तुम्ही घड्याळ बघू लागलात की मी समजून घेईन.

आत्तापर्यंतच्या वक्त्यांनी मॅडमच्या कार्यकाळात शाखेच्या ठेवी किती वाढल्या ते सांगितलं. ते खरंच आहे. मला मात्र एका पोत्याची गोष्ट सांगायची आहे. ती इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहे; उरलेल्या निम्म्यांना ती चुकीची माहीत आहे, कारण ती बंडूशेठनी सांगितलेली आहे. बंडूशेठ, तुम्ही समोरच बसलाय, रागावू नका.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या चौऱ्याऐंशी बाया डोंगरात हिरडा वेचतात. दिवाळीनंतर सुरू होतं, संक्रांत उलटली की संपतं. वेचायचा, वाळवायचा, निवडायचा. वर्षानुवर्षं हा माल बंडूशेठ घेत आले. रोख पैसे, जागेवर. भाव त्यांच्या मनाचा असे, पण पैसे कधी बुडवले नाहीत, हेही इथंच सांगितलं पाहिजे. मग आम्ही गट केला. मी सचिव झालो. कोलंबोचे एक व्यापारी आयुर्वेदिक औषधांसाठी आपल्याकडचा हिरडा घेतात असं कळलं. त्यांचं नाव गुणपाल. बंडूशेठपेक्षा किलोमागं सतरा रुपये जास्त द्यायला ते तयार झाले. दोन हजार बावीसच्या जानेवारीत चाळीस किलोची तीनशे पोती ठरली. साडेसहा लाखांचा व्यवहार. मोठ्या कंपन्यांना ही रक्कम म्हणजे चहापाणी असेल. आमच्या बायांचा तो अख्खा हिवाळा होता.

तेव्हा मी पहिल्यांदा बर्गे मॅडमच्या समोर बसलो. त्यांनी मला एका कोऱ्या कागदावर चित्र काढून दिलं. हे जहाज, ही आपली बँक, ही त्यांची बँक. म्हणाल्या, "दिघे, माल जहाजातून जाईल आणि कागद बँकेतून जातील. ते पैसे भरतील तेव्हा त्यांची बँक त्यांना कागद देईल. कागद दाखवल्याशिवाय बंदरातून पोतं हलणार नाही. म्हणजे पैसे येईपर्यंत माल तुमचाच." तो कागद मी घरी देवघरात ठेवला आहे. हसू नका. ज्यानं अडाण्याला समजतं, तो कागद पवित्रच.

मालावर बँकेनं साडेतीन लाख आगाऊ दिले. त्यातून आम्ही बायांना निम्मे पैसे वाटले. उरलेले निम्मे माल पोचल्यावर. मी प्रत्येक वाडीवर जाऊन, देवीच्या पारावर बसून, तसा शब्द दिला.

कंटेनर वरच्या वाड्यांवर चढत नाही. म्हणून टेम्पोनं पोती खाली आणून शिवऱ्याच्या एका गोदामात भरायची ठरली. त्या दिवशी आमच्या ठकुकाकू आल्या होत्या. त्या तिथं पुढं बसल्यात, हिरव्या पातळात. काकू, हात वर करा. नाही करणार. बरं. काकू नात्यानं माझ्या चुलती आणि गटात सगळ्यांत थोरल्या. तीनशे पोती भरून झाली, नारळ फुटला, कंटेनरचं दार लावायची वेळ आली, आणि काकूंनी टेम्पोतून आणखी एक पोतं उतरवायला लावलं. ते आत ढकललं आणि कंटेनरला हात जोडले.

मी तिथंच उभा होतो. मी स्वतः पाहिलं. मला त्यात काही चुकीचं वाटलंच नाही! आमच्याकडं खळ्यावर भात मोजून झाला की एक पाटी न मोजता वर घालतात. ती आमच्या मेंगाईदेवीच्या नावाची. ती मोजायची नसते, तिचे पैसे घ्यायचे नसतात. ज्याच्या घरी धान्य जाईल त्याच्याकडं ती जाते. लहानपणापासून बघतोय. कागदावर तीनशे लिहिली होती, कंटेनरमध्ये तीनशे एक गेली, आणि मी निश्चिंत मनानं घरी जाऊन जेवलो.

जहाज मार्चच्या सुरुवातीला कोलंबोला लागलं. आणि त्याच आठवड्यात तिकडचं सगळं ढासळलं.

तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. पेट्रोलसाठी दोन-दोन दिवसांच्या रांगा, गॅस नाही, औषध नाही. मला त्यातलं एकच कळेना. गुणपाल यांनी आमचे सगळे पैसे त्यांच्या बँकेत भरले होते. भरल्याची पावतीही पाठवली होती. मग पैसे येत का नव्हते? मी मॅडमना विचारलं, "माणसानं पैसे भरलेत, तर अडलंय कुठं?"

त्या म्हणाल्या, "तुमच्या विहिरीला पाणी आहे?"

"आहे."

"मोटार आहे?"

"आहे."

"आणि लाईट गेली तर?"

त्या म्हणाल्या, "त्यांनी त्यांच्या रुपयात पैसे भरलेत. आपल्याला डॉलर पाहिजेत. त्यांच्या देशाकडचे डॉलर संपलेत. सबंध देशाची लाईट गेलीय, दिघे."

पुढं मी पुष्कळ शिकलेल्यांची भाषणं ऐकली. परकीय चलन, आयात-निर्यात, कर्जाचा बोजा. पण देश बुडतो म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं. पाणी आहे, मोटार आहे, आणि पीक उभ्या उभ्या वाळतंय.

इकडं नसरापूरच्या बाजारात मला बंडूशेठ भेटले. चार माणसांत म्हणाले, "काय सचिव, लंकेत सोन्याच्या विटा आणायला गेलावता ना? किती आणल्या? एखादी दावा की आमाला." शेठ, तुम्ही विसरलात, पण मी नाही विसरलो. आता हसतोय, तेव्हा बाजारातून पिशवी न भरताच परत आलो होतो. कारण वाडीवर गेलो की बाया काही बोलायच्या नाहीत, आणि ते न बोलणं शेठच्या बोलण्यापेक्षा जड होतं. उरलेले निम्मे पैसे सोडा. माल बुडाला तर आधी वाटलेलेही बँकेला परत करायचे होते. त्या पैशांतून कुणी पत्रा घातला होता, कुणी शेळी घेतली होती. पत्रा काढून बँकेत भरता येतो का?

एप्रिलच्या सुरुवातीला मॅडमचा फोन आला. "दिघे, ताबडतोब या. काकूंनाही आणा."

आम्ही गेलो. मॅडमचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. म्हणाल्या, "कंटेनरमध्ये किती पोती भरली होती?"

मी म्हटलं, "तीनशे."

काकू म्हणाल्या, "तीनशे, आन देवीचं."

"देवीचं म्हणजे?"

"देवीचं पोतं. त्ये मोजायचं नस्तं, बाई."

"काकू, कस्टमला देवी कळत नाही."

"मंग त्येला सांगा की तुमी. तुमी शिकल्याल्या."

मॅडमनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "तुम्हाला कल्पना आहे का, कागदापेक्षा जास्त माल निघाला तर चोरीचा माल समजतात? दंड होतो. माल जप्त होऊ शकतो." मी खाली बघत होतो. चूक माझी होती. सचिव मी होतो. आणि मग मॅडमनी मोबाईलवरचा संदेश आम्हाला मराठीत वाचून दाखवला.

झालं होतं असं. कंटेनरचं भाडं रोज चढत होतं, म्हणून गुणपाल यांनी माल उतरवून बंदरातल्या सरकारी गोदामात ठेवायला लावला. बंदरातल्या लोकांनी कागदावर बघून तीनशे लिहिलं आणि मोकळे झाले. त्या दिवसांत तिथं कुणाला पोती मोजायची शुद्ध होती? पण गुणपाल यांच्या माणसानं मोजली, तर तीनशे एक भरली. गुणपाल यांनी ते आपणहून कस्टमला जाऊन सांगितलं. दंड त्यांना झाला. त्यांनी तो भरला. आणि आम्हाला लिहिलं, "एक पोतं जास्तीचं आहे. ते वेगळं ठेवलं आहे. कुणाचं आहे ते कळवा."

एवढंच. दंडाबद्दल शब्द नाही. फक्त पावती सोबत होती.

काकूंनी ऐकलं आणि पदरानं तोंड पुसलं. म्हणाल्या, "पोचलं म्हना की देवीचं."

त्याच संदेशात गुणपाल यांची एक विनंती होती. त्यांच्याकडं औषधांची मागणी होती, माल बंदरात पडून होता. पैसे यायच्या आधी कागद सोडा, म्हणजे माल वापरता येईल. सहा महिन्यांत पैसे पाठवतो, असं लेखी देतो. आता आली का पंचाईत! कागद सोडले की आपल्या हातात काही उरत नाही. नाही सोडले, तर माल परत आणायला अडीच लाखांच्या वर खर्च. तिथंच ठेवला, तर पावसाळ्यात बुरशी.

निर्णय गटाचा होता. पण मॅडम स्वतः वाडीवर आल्या. रविवारी. एसटी जिथं थांबते तिथून पाऊण तास चालत. आम्ही देवळापुढं घोंगडी अंथरली. मॅडमनी दोन्ही बाजू सांगितल्या, काही झाकलं नाही. "बँकेच्या नियमाप्रमाणं विचाराल तर कागद हातचे सोडू नका, असंच मी म्हणेन," हेही स्पष्ट सांगितलं.

काकूंनी विचारलं, "त्ये झालं नेमाचं. तुमी आमच्या जागी असता, तर काय केलं असतं?"

"ते मला सांगता येणार नाही, काकू. मी बँकेत आहे."

"आज आयतवार हाय. बँक बंद. मंग तुमी कुठं बँकेत हाय?"

"मॅनेजरला रविवार नसतो."

"मंग ठिवलाय कशाला त्यो?"

सगळ्या बाया हसल्या, मॅडमही हसल्या. पण उत्तर दिलं नाही. म्हणाल्या, "काय करायचं ते नाही सांगत. मी काय बघते, ते सांगते. कर्ज मागायला माणूस येतो तेव्हा मी त्याचा सातबारा बघते, जामीनदार बघते. ते सगळेच बघतात. पण चौतीस वर्षांत मला एक सवय लागली. मी बघते, माणूस न विचारलेलं काय सांगतो. विचारलेल्याचं उत्तर सगळे नीट देतात, काकू."

मग काकू उठल्या. म्हणाल्या, "ज्येच्या देशात खायाला न्हाई, त्यो मानूस एक पोतं जास्त हाय म्हून दंड भरतो. त्यो आपलं बुडवायचा न्हाई. आन बुडालंच, तर म्या समजंन, लेकीच्या लग्नात दिलं. द्या कागुद."

"सगळ्यांना विचारा," मॅडम म्हणाल्या. एकेकीला विचारलं. चौऱ्याऐंशीतल्या एकाहत्तर बाया हजर होत्या. नऊ जणी नको म्हणाल्या. त्यांची नावंही मॅडमनी ठरावात लिहायला लावली. म्हणाल्या, "यांचं म्हणणं चूक नाही. उद्या यांनाच शहाण्या म्हणायची वेळ येऊ शकते." बासष्ट जणींच्या सह्या-अंगठ्यांवर आम्ही कागद सोडले.

गुरुजी, तुम्ही घड्याळाकडं पाहिलंत. लवकर आवरतो.

सहा महिने झाले. पैसे आले नाहीत. दर महिन्याला गुणपाल यांचा संदेश मात्र यायचा, आणि त्यांच्या बँकेची ताजी पावती. ते लिहायचे, पैसे माझ्या खात्यात तसेच आहेत, मी त्यांना हात लावलेला नाही, डॉलर मिळाले की निघतील. दर महिन्याला मॅडम मला बोलावून तो मराठीत वाचून दाखवायच्या आणि मी वाडीवर जाऊन सांगायचो. एकदा मला त्यांच्या टेबलावर एक जाडजूड फाईल दिसली. वर 'हिरडा' असं लिहिलेलं. वरच्या कार्यालयाची विचारणा, त्याला उत्तर, मुदतवाढीचा अर्ज, पुन्हा विचारणा. मी घाबरून विचारलं, "मॅडम, आमच्यापायी तुमची बदली व्हायची का?"

म्हणाल्या, "झाली तर साताऱ्याकडं होईल. घराजवळ. तुम्ही काळजी करू नका, मला बरंच आहे."

मी देव मानणारा माणूस आहे. सकाळी दिवा लावल्याशिवाय चहा घेत नाही. त्या दिवसांत देवीपुढं बसलो की मागायला तोंड उघडत नव्हतं. गुणपाल यांच्या देशातल्या माणसांचं काय, ते डोळ्यांसमोर यायचं. त्यांच्यापुढं आमचं दुःख मागणं बरं दिसेना. मग नुसताच बसायचो.

पुढच्या जानेवारीत पहिले बाराशे डॉलर आले. मग आठशे. मग दोन महिने काहीच नाही. मग दोन हजार. तेवीसच्या श्रावणात शेवटचा हप्ता जमा झाला. एक पैसाही राहिला नाही. उलट त्या काळात डॉलर महाग झाला होता, म्हणून रुपयात थोडे जास्तच आले. ते जास्तीचे बँकेच्या व्याजात गेले. बरोबर फिटलं. पैसे वाटले त्या दिवशी नको म्हणणाऱ्या नऊ जणींना पहिल्यांदा बोलावलं, तो मॅडमचाच आग्रह. बंडूशेठनी आम्हाला नसरापुरात जिलबी खाऊ घातली. हेही खरं आहे, आणि तेही मी विसरलेलो नाही.

आणि तीनशे एकावं पोतं? ते कुणाचं, असं त्यांनी विचारलं होतं ना? काकूंनी मॅडमकडून उत्तर लिहवून घेतलं होतं: "देवीचं हाय. तुमच्याकडं औषद मिळंना म्हंत्यात. आजाऱ्याला फुकाट द्या." गुणपाल यांनी ते त्यांच्या गावच्या विहारातल्या दवाखान्याला दिलं. फोटो पाठवला. पांढऱ्या कपड्यातल्या म्हाताऱ्या बाया ओळीनं बसल्यात, आणि पुढं आपलं पोतं. काकूंनी फोटो बघितला आणि एकच म्हणाल्या, "आपल्यासारख्याच हायेत की!"

तेव्हापासून दर वर्षी आमचा माल जातो. आणि दर वर्षी कागदावर तीनशे पोत्यांच्या खाली आणखी एक ओळ असते: एक पोतं, विक्रीसाठी नाही, देवीच्या नावानं भेट. ती ओळ मॅडमनी घातली. चार ठिकाणी विचारून, तीन वेळा कागद परत आल्यावर. काकूंना त्यांनी पोतं बंद करायला सांगितलं नाही, आणि कस्टमपासून पोतं लपवायलाही सांगितलं नाही. शेफाली मॅडम, तुम्ही शहरातून आलात, मोठ्या परीक्षा देऊन आलात. आम्ही तुम्हाला काय सांगणार? तेवढी ओळ जपा, इतकंच मागणं आहे.

आता शेवटचं. गुणपाल यांनी यंदा दुप्पट माल मागितला आहे, पण निम्मे पैसे सहा महिन्यांनी. माल द्यायचा की नाही, त्याची बैठक येत्या रविवारी देवळापुढं आहे. काल मी काकूंना म्हटलं, "आता मॅडम नाहीत, कुणाला विचारायचं?" काकू म्हणाल्या, "खुळा हायेस. आता तर त्या बँकेत न्हाईत. आता सांगाय पायजे त्यास्नी."

मॅडम, तो प्रश्न तीन वर्षं तसाच राहिला आहे. तुम्ही आमच्या जागी असता तर काय केलं असतं? उद्यापासून तुम्हाला रविवार आहे. घोंगडी अंथरलेली असेल. टेम्पो चेलाडी फाट्यावर आठ वाजता थांबेल. कोरेगावचे साहेब, मॅडमबरोबर तुम्हीही या. काकू नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं करणार आहेत.

हॉल विनामूल्य देणाऱ्या गोरखशेठचे, शाखेतल्या सर्व कर्मचाऱ्यांचे, आणि मला इतका वेळ सहन करणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार मानतो. गुरुजी, पाच मिनिटं कधीच संपली, मला माहीत आहे. बोलण्यात काही कमी पडलं असेल, तर ती माझी चूक, पदरात घ्यावी. आणि जास्त झालं असेल, तर ते देवीचं समजावं आणि मोजू नये.

नमस्कार.